चार इंच खाली

हेन्री फोर्ड यांच्या मोटारींची उंची अमेरिकेतील चिखलाने ठरवली, असे विधान केले तर ते वरकरणी अतिशयोक्तीचे वाटेल; परंतु १९०८ साली त्यांची 'मॉडेल टी' बाजारात आली तेव्हा त्या देशातील शेतघरापासून बाजारपेठेच्या गावापर्यंत जाणारी वाट ही बहुतेक ठिकाणी घोडागाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेली, पाऊस पडला की रबडी होणारी आणि ऊन पडले की त्याच चाकोऱ्या जशाच्या तशा टणक होऊन राहणारी अशी होती, आणि अशा वाटेवर जिचे पोट जमिनीला टेकेल ती गाडी शेतकरी दुसऱ्यांदा विकत घेणार नाही, हे समजण्यासाठी स्वतः शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या फोर्डना कोणाच्या अहवालाची गरज नव्हती. म्हणून त्यांनी गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे दहा इंच वर ठेवले. आणि इतर कारखानदार चासीच्या दोन्ही अंगांना, तिच्या लांबीच्या दिशेने कमानी बसवीत असताना यांनी पुढे एक आणि मागे एक अशा दोनच कमानी, त्याही आडव्या, बसवल्या. अशा आडव्या कमानीचा मध्य चासीला आणि दोन टोके ॲक्सलच्या दोन बाजूंना जोडलेली असल्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले तरी ॲक्सल आपल्यापुरता कलतो आणि चासीला पीळ बसत नाही. ती हलकी, उंच आणि काटक गाडी १९२७ पर्यंत सुमारे दीड कोटींच्या संख्येने कारखान्याबाहेर पडली, यावरून तिच्या उंचीचा हिशेब चुकलेला नव्हता हे उघड आहे.

पुढे रस्ते बदलले, डांबर आणि काँक्रीट आले. पण फोर्ड बदलले नाहीत. जनरल मोटर्सने १९३४ साली पुढच्या दोन चाकांना परस्परांपासून स्वतंत्र करून टाकले, तरी फोर्डच्या गाड्या सरळ, अखंड, घडीव ॲक्सल आणि त्यावरची ती आडवी कमान घेऊन १९४८ पर्यंत धावत राहिल्या, आणि ही पद्धत बरखास्त झाली ती १९४७ साली हेन्री फोर्ड यांचा देहान्त झाल्यानंतर आलेल्या नव्या गाडीत. कारण संपले तरी शिरस्ता चालू राहतो, याचा अनुभव सरकारी दफ्तरांत येतो तसाच तो कारखान्यांतही येतो. आपल्याकडे मात्र ते कारण संपलेले नव्हते. १९२६ साली स्थापन झालेल्या फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडियाने कॅनडाहून आलेले सुटे भाग मुंबईत जोडून ज्या गाड्या विकल्या, त्यांना घाटावरील खडीच्या आणि कोकणातील लाल मातीच्या रस्त्यांवर त्या उंचीचा उपयोगच झाला असला पाहिजे. आणि आजही गल्लोगल्ली उगवणाऱ्या गतिरोधकांची कैफियत ऐकली, तर प्रस्तुत निबंधाचा विषय, म्हणजे गाडी मुद्दाम खाली आणण्याचा छंद, पुण्या-मुंबईत का उपजला नाही, याचा उलगडा निराळा करावा लागत नाही.

तो उपजला दक्षिण कॅलिफोर्नियात. १९३२ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस फोर्डनी आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवून दाखवले. २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे ते 'व्ही-८' इंजिन असलेली उघडी रोडस्टर ४६० डॉलरांना मिळत असे, आणि मंदीचे ते दशक संपता संपता तीच गाडी जुन्या बाजारात हातावर पोट असलेल्या मुलांच्याही आवाक्यात आली. या मुलांनी गाडीचे मडगार्ड काढले, बंपर काढले, पुढची काच काढली, वजन म्हणून जे जे होते ते उतरवले आणि मोहावी वाळवंटातील आटलेल्या सरोवरांच्या पात्रांत, म्युरॉक येथे आणि पुढे एल मिराज येथे, घड्याळ लावून गाड्या पळवण्यास आरंभ केला. १९३७ साली 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन होऊन या उद्योगाला नियमांची चौकट मिळाली; महायुद्धाच्या काळात म्युरॉक लष्कराच्या ताब्यात गेले; आणि युद्धावरून परतलेल्या, विमानांची इंजिने उघडून जोडण्याचे शिक्षण सरकारी खर्चाने घेतलेल्या तरुणांनी एल मिराजचे पात्र गजबजवून टाकले. १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' नावाचे मासिक काढले तेव्हा या गाड्यांचे हे नाव सभ्य समाजात बदनामीचेच होते. सरोवराच्या त्या सपाट पात्रात ना चाकोरी, ना धोंडा. जेथे डोळ्याला क्षितिजापर्यंत एक उंचवटा सापडत नाही तेथे जमिनीपासून इतके उंच राहण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्या मुलांना पडला, आणि हेन्री फोर्ड यांनी चिखलाच्या धास्तीने दिलेली उंची त्यांनी इंचाइंचाने परत घेण्यास सुरुवात केली.

येथवर ही गोष्ट उपयुक्ततेची आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, हवेला सामोरे जाणारे क्षेत्र थोडे घटते. हे सर्व खरे आहे. परंतु एवढ्यानेच सगळा उलगडा होतो असे मला वाटत नाही, कारण उपयुक्ततेचाच विचार असता तर पुढची आणि मागची बाजू सारखीच खाली आली असती. तसे झाले नाही. मागे मोठे टायर, पुढे लहान टायर, आणि पुढचा भाग मागच्या भागाहून दोन-चार बोटे खाली, असा जो एक तोल या गाड्यांत ठरून गेला, तो डोळ्यांनी ठरवला. बॉनेटची रेषा मागून पुढे उतरत रेडिएटरकडे जाते, आणि उभी असलेली गाडीही निघण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते. खासबागेच्या हौद्यात उतरलेला मल्ल हाताला माती लावून प्रतिस्पर्ध्याला सलामी देताना कमरेतून जसा किंचित पुढे झुकतो, आणि त्या झुकण्यातच पुढच्या डावाची सगळी शक्ती साठलेली प्रेक्षकांना दिसते, तसे काहीसे या गाडीच्या त्या कलण्यात आहे. १९३२ च्या फोर्डच्या चासीच्या बाजूवर कारखान्यातच दाबून उठवलेली एक रेषा असते आणि मडगार्ड काढले की ती उघडी दिसते. गाडीचा कल या रेषेमुळे नजरेत ताबडतोब भरतो, आणि त्या सालच्या चासीला आजही जी किंमत येते तिचे एक कारण हेही असावे. १९९७ साली पेबल बीच येथील प्रतिष्ठित मोटार-प्रदर्शनात, जेथे तोवर धनिकांच्या आलिशान गाड्यांचेच कौतुक होई, हॉट रॉडसाठी पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला आणि डोन स्पेन्सर यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केलेल्या १९३२ च्या रोडस्टरला त्यात पहिले स्थान मिळाले. बदनामीपासून सन्मानापर्यंतचा हा प्रवास पन्नास वर्षांत झाला. कलेच्या इतिहासात तो फार सावकाश म्हणता येणार नाही.

मला या विषयाचा लळा लागला तो आमच्या शेजाऱ्यांमुळे. सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या ज्या वसाहतीत आम्ही राहतो, तेथे संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाला उघड्या गॅरेजचे दार ओलांडून जाणे अवघड असते, निदान मला तरी ते साधत नाही. आणि विमानांच्या कारखान्यात यंत्रकाम करून निवृत्त झालेले हे सद्गृहस्थ ज्या १९२९ च्या रोडस्टरची बॉडी १९३२ च्या चासीवर चढवीत होते, तिने माझ्या संध्याकाळच्या फिरण्यावर कायमची जप्ती आणली. ते मितभाषी आहेत. प्रश्न विचारला तर उत्तर देण्याऐवजी हातातील काम थांबवून, तो भाग माझ्यासमोर धरून, फक्त फिरवून दाखवतात. या अध्यापनपद्धतीत विद्यार्थ्याला मूर्ख ठरण्याची भीती फारशी नसते, म्हणून मीही निःसंकोचपणे विचारीत गेलो.

गाडीचे नाक खाली आणण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांची प्रतवारी लावता येते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हिणकस मार्ग म्हणजे कमानीचे पाटे काढणे. एकावर एक रचलेल्या पाट्यांतून दोन-तीन काढले की कमान लवते आणि गाडी बसते. पण जी कमान आधी धक्का पचवीत होती ती आता वजनच कसेबसे पेलते, आणि पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल चासीवर आदळतो. पुणे-कोल्हापूर रस्त्यावरील कमानपाट्यांच्या दुकानांत नेमका याच्या उलट व्यवहार चालतो: तेथे ट्रकवाला परवान्याहून अधिक माल लादता यावा म्हणून जादा पाटा घालून घेतो, रिकाम्या परतीच्या प्रवासात हाडे खिळखिळी करून घेतो, आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. दोघेही कमानीला तिच्या स्वभावाविरुद्ध वागवतात. एकाला कारण पोटाचे असते एवढाच फरक. दुसरा मार्ग मुख्य पाट्याचा. या सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना शॅकल, म्हणजे कमान ॲक्सलला जोडणारे लहान हालते दुवे, अडकवण्यासाठी जे डोळे वळवलेले असतात, ते मूळच्या वळणाच्या उलट दिशेने वळवून घेतले म्हणजे पाट्यांची संख्या कायम राहून गाडी इंच-दीड इंच खाली येते. तिसरी युक्ती म्हणजे कमान ज्याच्या पोटात बसते तो चासीचा पुढचा आडवा दांडा बदलणे. १९३२ च्या चासीत 'मॉडेल ए'चा चपटा दांडा घातला तर आणखी एखादा इंच साधतो, आणि आमच्या शेजाऱ्यांनी तो घातलाही होता. हे दोन्ही मार्ग सभ्य आहेत. परंतु त्यांत एक उणीव राहते, ती अशी की गाडी जेवढी खाली येते तेवढे ॲक्सल आणि चासी यांतील अंतरही घटते, म्हणजे धक्का बसल्यावर ॲक्सलला वर येण्यासाठी असलेली जागा तेवढी कमी होते.

आणि म्हणून चौथा मार्ग, ज्यासाठी हा सगळा प्रपंच: कमानीला हातच लावायचा नाही, ॲक्सललाच वाकवायचे. मूळचा ॲक्सल हा इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराच्या छेदाचा, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेला घडीव दांडा असतो. त्याच्या टोकांतील भोकांत किंगपिन बसते आणि किंगपिनवर स्टब ॲक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरते तो भाग, वळतो. ही टोके तापवून, ओढून, आणखी चार इंच वर उचलली की चाकाचा मध्य होता तेथेच राहतो आणि ॲक्सलचे मधले अंग चार इंच खाली येते. त्याच्याबरोबर कमान खाली, कमानीबरोबर चासी खाली. गंमत अशी की कमान आणि चासी यांचा परस्परसंबंध रेसभरही बदलत नाही. ॲक्सलला वर येण्यासाठी जेवढी जागा होती तेवढीच उरते, पाट्यांचा जो लवचीकपणा होता तोच राहतो. गाडी खाली गेली हे फक्त बाहेरच्या माणसाला कळते. कमानीला त्याचा पत्ताही नसतो. प्रथम हे ध्यानात आले तेव्हा मी त्या वाकवलेल्या दांड्याकडे, खरे सांगायचे तर, काव्यातील एखाद्या यशस्वी ओळीकडे पाहावे तशा आदराने पाहिले.

हे काम मूळचे लोहारकामच. १९४० च्या दशकात सॅन दिएगो येथील एड स्टुअर्ट या कारागिराने त्यात एवढी ख्याती मिळवली की लोक त्यांना 'ॲक्सल' याच टोपणनावाने ओळखू लागले, आणि लॉस एंजेलिसची मुले आपापल्या गाड्यांचे ॲक्सल काढून त्यांच्याकडे पाठवू लागली. कमाल कौशल्य वाकवण्यात नसून न वाकवण्यात आहे. टोक वर उचलताना किंगपिनच्या भोकाचा कल मूळचा होता तोच राहिला पाहिजे, दोन्ही टोके एकमेकांशी जुळली पाहिजेत, आणि ओढल्यामुळे पोलाद जेथे बारीक होते तेथे ते फार बारीक होता कामा नये. काही कारागीर अशा बारीक झालेल्या जागी मागाहून लोखंड भरतात, काही ते तसेच ठेवतात. जुन्या मंडळींना ओढलेल्या, न भरलेल्या ॲक्सलचे ते बारीक वळण सुंदर वाटते. आता नवे, मुळातच वाकडे ओतलेले अथवा घडवलेले ॲक्सल विकत मिळतात आणि ते उत्तमही असतात. तरी आमच्या शेजाऱ्यांनी जुना ॲक्सल शोधून, तडे पाहण्यासाठी तपासून घेऊन, मगच वाकवायला दिला होता. यात तर्कापेक्षा अभिमान अधिक आहे. मी तो त्यांना माफ करून टाकला.

मात्र चार इंचांचा हा लाभ फुकट पडत नाही. स्टब ॲक्सल चासीच्या मानाने चार इंच वर गेला की त्याला जोडलेले स्टिअरिंग आर्मही वर जातात, आणि दोन चाकांना जोडणारा टाय रॉड ॲक्सलला मागून धरणाऱ्या विशबोनच्या वाटेत येतो. म्हणजे आता आर्म तापवून खाली वाकवायचे, टाय रॉड विशबोनच्या खालून न्यायचा. आणि तो खालून नेला की तो जमिनीच्या किती जवळ आला, हे मोजायचे. त्यानंतर येते ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगच्या पेटीपासून डाव्या चाकाकडे जाणारा लांब दांडा. ॲक्सल वरखाली होताना विशबोनच्या मागच्या सांध्याभोवती एक कंस काढतो. ड्रॅग लिंकचे पुढचे टोक स्टिअरिंगच्या पेटीकडील सांध्याभोवती दुसरा कंस काढते. हे दोन कंस जेथवर एकमेकांशी जुळतात तेथवर सर्व ठीक असते. ते फाकले की प्रत्येक खड्ड्यावर चाक आपण होऊन वळते आणि चालकाच्या हातातले स्टिअरिंग त्याच्या इच्छेवाचून हलते. आर्म चार इंच वर गेल्यामुळे ड्रॅग लिंक तिरपी झाली होती, कंस फाकले होते. शेजाऱ्यांनी भिंतीला टेकवलेल्या एका जुन्या दारावर खडूने हे दोन्ही कंस पूर्ण मापाने काढले, सांधा कोठे असता तर ते जुळले असते ते पाहिले, आणि मग स्टिअरिंगची पेटी, जी एका जुन्या फोर्ड ट्रकमधली होती आणि जिचे ब्रॅकेट जोडून झाले होते असे मला वाटत होते, ती निमूटपणे कापून काढली. कारागिराची पारख त्याने काय जोडले यापेक्षा जोडलेले काय काढले यावरून करावी, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. ते चूक असेल, पण मी ते सोडलेले नाही.

विशबोनचा तंटा याहून जुना. कारखान्यात ही विशबोन दोन शाखांनी ॲक्सलची दोन टोके धरून मागे एका बिंदूत मिळते आणि तेथे एका गोलाकार सांध्यावर फिरते; त्यामुळे ॲक्सल कोणत्याही बाजूला निर्वेधपणे कलू शकतो. पण इंजिन, गिअरबॉक्स बदलले की त्या मधल्या सांध्याला जागा उरत नाही, म्हणून हॉट रॉडवाले विशबोन मधून कापून तिच्या दोन शाखा चासीच्या दोन अंगांना स्वतंत्रपणे बांधतात. दिसायला ते फार देखणे दिसते. परंतु आता एकच चाक वर आले तर त्या बाजूची शाखा आपल्या टोकाभोवती फिरून ॲक्सलच्या त्या टोकाला पिळते आणि दुसरी शाखा दुसरे टोक जागच्या जागी धरून ठेवते. म्हणजे ॲक्सलला दर खड्ड्यागणिक पीळ सोसावा लागतो. 'आय' छेदाचा घडीव ॲक्सल हा पीळ सोसतो, त्याच्या आकारातच ती सहनशीलता आहे. नळीचा ॲक्सल सोसत नाही, आणि मग तो ताण ज्या पट्ट्यांनी शाखा ॲक्सलला जोडल्या असतात त्या पट्ट्यांवर आणि बोल्टांवर जातो. शेजाऱ्यांचे एक स्नेही, तेही त्याच वयाचे आणि त्याच कारखान्यातले, आपल्या गाडीत नळीचा ॲक्सल दुभंगलेल्या विशबोनवर कित्येक वर्षे चालवीत आले आहेत आणि आपले काहीही वाकडे झालेले नाही हा पुरावा वारंवार सादर करतात. शेजाऱ्यांचे म्हणणे, पुरावा ग्राह्य आहे, फक्त मुदत संपलेली नाही.

खाली जाण्याच्या हव्यासाला सीमा नसते, याची साक्ष या छंदाच्या शब्दकोशातच आहे. ॲक्सल चासीच्या पुढे काढून, कमानीचा मध्य चासीच्या टोकावर बाहेर आलेल्या एका ब्रॅकेटवर टांगण्याची जी रचना आहे, तिने गाडीचे नाक पार जमिनीला नेता येते; आणि तिला ही मंडळी 'आत्मघाती' पुढची बाजू म्हणतात, कारण तो एक ब्रॅकेट तुटला की चासीचे टोक सरळ रस्त्यावर येते. नीट बांधली तर ही रचना सुरक्षित असते. तरी ज्या गोष्टीला तिच्या भक्तांनीच असे नाव दिले तिच्याविषयी मी काय बोलावे? दुसरीकडे कॅलिफोर्नियाच्या सरकारने १९५० च्या दशकाच्या अखेरीस असा हुकूम काढला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली असता कामा नये. त्यामागील विचार रास्त आहे, टायर फुटून गाडी रिमवर आली तर तिचा दुसरा कोणताही अवयव रस्त्याला टेकू नये. परंतु त्याची झळ अधिककरून लागली ती मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या त्या संथ, जमिनीलगत सरकणाऱ्या गाड्यांना, ज्यांना घाई दाखवायची नव्हती, डौल दाखवायचा होता. त्यांच्यातीलच रॉन अगुइरे यांनी आपल्या १९५७ च्या कॉर्व्हेटमध्ये विमानातील हायड्रॉलिक पंप बसवून असे केले की पोलीस दिसला की गाडी वर, गेला की गाडी खाली. कायद्याला दिलेले याहून विनोदी आणि याहून अभियांत्रिकी उत्तर माझ्या माहितीत नाही. आता हवेच्या फुग्यांवर बसणाऱ्या, बटण दाबले की जमिनीवर पसरणाऱ्या हॉट रॉड दिसतात; त्या पाहून मात्र मला तसा आनंद होत नाही, कारण त्या गाडीत चार इंचांसाठी कोणालाही काही सोडावे लागलेले नसते.

रिमचा तो नियम शेजाऱ्यांनी कायद्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी पाळला. चारी रिमच्या खालच्या कडांना टेकतील अशा दोऱ्या त्यांनी गाडीखालून ताणल्या, आणि टाय रॉड त्या दोऱ्यांच्या वर पाऊण इंच राहतो हे पाहिल्यावरच आर्म कायम केले.

राहिला कॅस्टर. किंगपिन बाजूने पाहिले असता वरच्या अंगाला किंचित मागे कललेली असावी लागते, म्हणजे चाके वळल्यावर आपण होऊन सरळ होऊ पाहतात आणि गाडी वेगात भरकटत नाही. अशा ॲक्सलला साधारण सहा-सात अंश पुरेसे मानतात. पण सगळी चासीच पुढे झुकवली की किंगपिनही तेवढीच पुढे झुकते, आणि ज्या कलाने गाडीला रूप आले त्याच कलाने तिची स्थिरता कमी होते. यावर उपाय विशबोनचे टोक चासीवर कोठे बांधायचे यात असतो, म्हणून तो गाडीचा अंतिम कल कळल्याशिवाय करता येत नाही. आणि अंतिम कल केव्हा कळणार, तर इंजिन, रेडिएटर, बॅटरी, पेट्रोल आणि माणसे हे सर्व वजन गाडीवर चढल्यावर. तोवर सगळे सांधे टाक्यांवर. रिकाम्या चासीवर कमान ताठ उभी असते, शॅकल जवळजवळ आतल्या बाजूला वळलेले असतात, आणि अनुभव नसलेल्या माणसाला वाटते की कमान आखूड पडली. वजन आले की कमान पसरते, शॅकल सुमारे पंचेचाळीस अंशांवर येतात आणि मग त्यांना दोन्ही दिशांना हलायला वाव मिळतो. ज्या शनिवारी हे वजन चढले त्या दिवशी पेट्रोलच्या ऐवजी पाण्याचे डबे आणि चालकाच्या ऐवजी मी, अशी तजवीज होती. मला गाडीत बसण्यापलीकडे काही करावयाचे नव्हते, आणि ते मी मन लावून केले. खाली कोनमापक लागले, आकडे मोठ्याने वाचले गेले, विशबोनची टोके पाव इंच खाली सरकवण्यात आली, पुन्हा वाचले गेले. कॅस्टर साडेसहा अंश, टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांचे पुढच्या अंगाला एकमेकांकडे वळणे, इंचाचा अष्टमांश, आणि मग टाके जाऊन पक्की वेल्डिंग.

वर वर्णिलेले स्नेही त्या दिवशी हजर होतेच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी असा निर्णय दिला की पुढची बाजू अजून अर्धा इंच उंच आहे, आणि एक पाटा काढल्याखेरीज ती डोळ्यांना बरी दिसणार नाही. शेजारी पाटा काढावयास तयार नव्हते; नवी कमान पहिल्या काही शे मैलांत थोडी बसते, ती बसेल तेवढी बसू द्यावी, आणि नंतर पाहावे, एवढेच ते म्हणाले. मला त्यांचे पटले, पण माझे वजन त्या दिवशी फक्त शब्दशःच मोजले जात होते. स्नेह्यांनी आपला आक्षेप लेखी नोंदवून घ्यावा अशी मागणी केली; तेव्हा शेजाऱ्यांनी कंस काढलेल्या त्या जुन्या दाराच्या मोकळ्या कोपऱ्यात, पुढच्या चासीची जमिनीपासूनची उंची आणि तारीख खडूने लिहिली, खाली दोघांनी आद्याक्षरे घातली, आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली. निकाल पाचशे मैलांनंतर द्यावयाचा आहे.